ताटलीतलं तेल

माझ्या मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो अजून माझ्यापाशी आहे. पहिल्या रांगेत आम्ही पाच मुली खुर्च्यांवर बसलोय, पाचीजणी पांढऱ्या साड्यांत. बाकीच्या चौघींचे हात कुठेतरी पदराखाली गेलेत. माझे मात्र मांडीवर पसरून ठेवलेले, दहाच्या दहा बोटं मोजून घ्यावीत असे. नातवंडं तो फोटो बघतात आणि म्हणतात, आजी, काय ऐटीत बसलीयेस! मी हो म्हणते आणि विषय बदलते. ऐटच होती ती. त्या सकाळच्या स्वच्छ हातांची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली, हे लिहायला मला वयाची ऐंशी उलटावी लागली. आता लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबर जाईल, आणि ते तसं जावं असं मला फार वेळा वाटलेलं आहे, म्हणूनच लिहायला बसले.

पेणला रामवाडीच्या अंगाला आमची भाताची गिरणी होती. गिरणीला लागून घर, म्हणजे खरं तर घराला लागून गिरणी असं आई म्हणायची, पण कोंडा तिचं ऐकायचा नाही. तो दुधात, अंथरुणात, देवाच्या डोळ्यांत, सगळीकडे. आई दुधावर दोन फडकी झाकायची आणि पापड वाळवायला चार घरं पलीकडे न्यायची. तांदूळ लोकांचा, कण्या आमच्या, त्यामुळे सकाळी कण्यांची पेज, तिच्यात मीठ, तोंडी लावायला भाजलेला सुका बोंबील आणि आंब्याचं लोणचं. कोंड्याचा मांडा करणं ही आमच्या घरात नुसती म्हण नव्हती. गिरणी चालू असली की घरातली सगळी माणसं ओरडून बोलायची, आणि बंद झाली तरी दहा मिनिटं तशीच ओरडत राहायची. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सदा भांडण.

त्या गिरणीला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जे इंजिन आणलं तसं इंजिन अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नव्हतं. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मुंबईला लष्कराच्या गोदामांतलं सामान लिलावात निघायचं; कुणी तंबू आणले, कुणी बुटांचे ढीग, अण्णांनी हे आणलं. गोऱ्या साहेबांनी लढाईत जर्मनांकडून उचललेलं, पारखायला म्हणून इकडे कुठेतरी ठेवलेलं आणि मग जाताना विसरलेलं. मचव्यातून अंतोऱ्याच्या बंदराला उतरलं आणि बैलगाडीतून घरी आलं. लाकडी पेटी उघडली तेव्हा आत इंजिन होतं की कुणी चेष्टा केली होती तेच कळेना. चार सिलिंडर, पण वर नाहीत. वटवाघळांसारखे खाली डोकं करून लटकलेले. अंग पांढऱ्या धातूचं. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, त्यामुळे भात घेऊन येणारे शेतकरी अण्णांना चिडवायचे, "शेट, इंजिन आनलाव का पातेली?" एका कुशीला पितळेची छोटी पाटी होती. तिच्यावर जर्मन अक्षरं, आणि शेवटी एक इंग्रजी व्ही आणि तीनचा आकडा. पेटीतले कागदही जर्मन. अण्णा ते कागद रोज संध्याकाळी उघडून बघायचे, जणू एखाद्या दिवशी ते मराठी होतील.

ते वाचल्याशिवाय समजलं फक्त उस्मानमिस्त्रींना. ते रोह्याचे. तरुणपणी आगबोटीच्या इंजिनखोलीत होते, लढाईच्या दिवसांत विमानतळावरच्या वर्कशॉपात. बायकोने शपथ घालून त्यांना दर्यावरून परत आणलं होतं. ते इंजिनाभोवती एक फेरी फिरले, उकिडवे बसले, खालून वर बघितलं आणि हसायला लागले. "अण्णा, ह्या इमानाचा इंजिन हाय. इमानवाल्याला समोरचा दिसावा म्हनून डोका खाली ठेवलाय. पंखा काढून ह्या लोकांनी चाक बसवलाय, जमिनीवर चालवायला." मग ते महिनाभर त्या विमानाच्या इंजिनाशी झटत राहिले. पेट्रोल परवडणार नव्हतं, म्हणून त्यांनी तांब्याची नळी वळवून, धुराड्यावरून फिरवून, रॉकेल तापवून आत सोडायची युक्ती केली. सुरू पेट्रोलवर करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. ज्या दिवशी ते रॉकेलवर पहिल्यांदा चाललं त्या दिवशी त्यांनी नळीला हात लावला, भाजला, आणि तो भाजलेला हात सगळ्यांना दाखवत फिरले. इतर गिरण्यांची इंजिनं टुक टुक करायची. आमचं गरजायचं. पहिले काही दिवस बाजारातली माणसं आभाळाकडे बघायची.

पण उलट्या इंजिनाचं एक दुखणं होतं. उभ्या उभ्या तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत उतरायचं. तेल दबत नाही. तसंच सुरू केलं तर आतला दांडा वाकतो किंवा मोडतो. म्हणून रोज सकाळी खाली ताटली ठेवायची, चारी प्लग बुडाकडून काढायचे, चाक हाताने पुरे दोन फेरे फिरवायचं, साचलेलं तेल ताटलीत पडू द्यायचं आणि प्लग परत बसवायचे. वर्कशॉपात विमानांचे पंखे असेच आधी हाताने फिरवतात, असं मिस्त्री सांगायचे. प्लगांच्या भोवतीची जागा इतकी अडचणीची, की त्यांचा पंजा तिथे जाईना. माझा जायचा. असं ते काम माझ्याकडे आलं.

मला ते आवडायचं, हे आधी कबूल करते. मिस्त्रींनी मला पान्याची पकड शिकवली, आवाजावरून दुखणं ओळखायला शिकवलं. ताटलीतलं तेल बोटावर घेऊन ते बघायचे आणि म्हणायचे, "बायने काम चोख केला." मी त्यांना चाचा म्हणायची. ईदला ते डब्यातून शिरखुर्मा आणायचे आणि उन्हाळ्यात त्यांच्या घरची सांदणं. अण्णा आणि मी ती गिरणीतच संपवायचो, डबाही तिथेच धुवायचो, आईला दिसू द्यायचो नाही. आईने त्यांच्यासाठी कपबशी वेगळी ठेवली होती, गिरणीच्या कोनाड्यात. चाचा चहा पिऊन ती स्वतः विसळून ठेवायचे. मला त्यात काही वावगं दिसायचं नाही. आज दिसतं, पण आज दिसण्याला काय अर्थ आहे?

मॅट्रिकच्या वर्षात मात्र मला माझ्या हातांची लाज वाटायला लागली. नखांत काळं, रेषांत काळं. वर्गातल्या मुली मला मिस्त्रीण म्हणायच्या. एकीने तर वहीवर माझं बोट उमटलं म्हणून वही बदलून घेतली. हे सांगितलं की लोकांना माझी दया येते. येऊ देऊ नका. त्या वयात सगळ्यांनाच कशाची ना कशाची लाज वाटते, आणि सगळे काही त्यापायी खोटं बोलत नाहीत.

दसरा आला. चाचा तीन दिवसांसाठी रोह्याला गेले. जाताना दारातून मागे आले आणि म्हणाले, "बाय, दोन फेरे रोज. चालवा नायतर नका चालवू. सनाला पन." मी म्हटलं, "व्हय चाचा." आणि मला तेव्हा खरंच ते करायचं होतं. पण खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली. अण्णांनी त्याला कुंकवाची बोटं ओढली, आईने झेंडूची लांबच लांब माळ करून चाकाच्या आऱ्यांतून ओवली, खालून वर, वरून खाली, अगदी हौसेने. चाक फिरवायचं म्हणजे माळ तुटणार. मी पाना घेऊन गेले तर आई म्हणाली, "पूजेतलं हलवतात का गो? देव बसलाय तिथे. दोन दिवस त्यालाही सुट्टी." मला ते बरंच झालं. दसऱ्याच्या दिवशी मी राख आणि लिंबू घेऊन मोरीत तासभर हात घासले. आपट्याची पानं वाटत फिरले तेव्हा कुणाकुणाच्या हातात पान ठेवताना मीच माझ्या बोटांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत वर्गाचा फोटो होता. आईची पांढरी साडी नेसून, वेणी घालून मी गिरणीत गेले. माळ कोमेजली होती. तीन दिवसांचं तेल साचलंय, म्हणजे कोपरापर्यंत बरबटणार, हे मला ठाऊक होतं. मी उभी राहिले. मग माळ ओढून काढली, कोपऱ्यात रोजचं काढलेलं काळं तेल साठवायचा डबा होता तो दोन फडक्यांत धरून उचलला आणि ताटलीत तेल ओतलं. तीन दिवसांचं निघेल तेवढं ओतलं. ताटली इंजिनाखाली सरकवली. दोन थेंब बाजूला पडले तेही पुसले नाहीत, रोज पडायचे म्हणून. विसरणं वेगळं आणि हे वेगळं. विसरले असते तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. तरी मनात म्हटलं की चाचा यायच्या आत परत येईन, साडी बदलेन आणि करेन.

फोटोवाल्याला उशीर झाला. परत आले तेव्हा गिरणीपुढे लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची पोती घेऊन दहा-बारा माणसं बसलेली, अण्णा खुशीत, आणि चाचा रोह्याची पहिली गाडी पकडून हजर. ते उकिडवे बसून ताटलीतलं तेल बोटावर घेत होते. मला दारात बघून म्हणाले, "अगो, बाय तर मडमीन झाली! फिरवलंस ना तिन्ही दिवस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णा हसत होते. एक शब्द बोलायचा होता. फार तर अण्णा रागावले असते, फार तर अर्धा तास उशीर झाला असता.

"व्हय चाचा," मी म्हटलं.

त्या इंजिनाला सुरू करायची तऱ्हा निराळी होती. बाजूला एक हँडल. ते फिरवत राहिलं की आतलं एक छोटं चाक वेग घ्यायचं, घुरघुर वाढत वाढत किंचाळायला लागायची, मग दोरी ओढली की तो साठलेला सगळा वेग एका हिसक्यात इंजिनात जायचा. अण्णांनी हँडल मारलं. चाचांनी दोरी ओढली. एक बोथट दणका आला, कुणीतरी भिंतीवर मुसळ मारावं तसा, आणि मग इंजिन सुरू झालं. माणसं पोती उचलायला लागली. मला वाटलं, सुटले. पण आवाजात एक ठोका जास्तीचा होता. तो मला ऐकू आला आणि त्याच क्षणी चाचांनाही. त्यांनी हात वर केला, नळीचा कॉक बंद करायला वाकले, आणि एक कडाड्. लोखंडाचा तुकडा इंजिनाची कूस फोडून बाहेर आला आणि समोरच्या भिंतीत रुतला. कुणाला लागलं नाही. गरम तेल भाताच्या पोत्यांवर उडालं. पट्टा थोडा वेळ फटफटत राहिला, मग तोही थांबला, आणि सगळे जण नेहमीप्रमाणे ओरडून बोलायला लागले.

चाचांनी मात्र पहिली गोष्ट केली ती म्हणजे ताटली उचलून बघितली. ती हातात धरून अण्णांना दाखवली. "तेल नाय राहिला आत. ही बगा. बायने काढलाय. बायची चूक नाय." माझ्या खोटेपणाला मीच साक्षीदार तयार करून ठेवला होता, आणि तो साक्षीदार घेऊन माझ्या बाजूने तेच उभे राहिले.

मुंबईहून एक जाणकार आणला. त्याने इंजिनाच्या फुटलेल्या कुशीत डोकावलं, नळी हुंगली आणि विचारलं, "रॉकेल?" अण्णा म्हणाले, "हो." "मग अजून काय पाहिजे?" झालं. पेठेत बातमी झाली की विमानाच्या इंजिनाला आगबोटवाल्या मिस्त्रीने रॉकेल पाजून मारलं. अण्णांनी त्यांना एका शब्दाने दुखवलं नाही. पण ते स्वतःच म्हणाले, "माज्या हाताने गेला, अण्णा. मी ऱ्हात नाय." अण्णांनी एकदा नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

मी रोज उद्या सांगेन म्हणायची. चोराच्या मनात चांदणं. अण्णांनी नुसतं "शालू" म्हणून हाक मारली तरी मला घाम फुटायचा, आणि त्यांना हवं असायचं पाणी. चाचा निघाले त्या सकाळी त्यांनी दारातून विचारलं, "बाय कुठे हाय?" आई म्हणाली, "अभ्यासाला बसलीय." मी चुलीमागे बसले होते. इंजिन भंगारात गेलं. त्या जागी साधं टुक टुक इंजिन आलं, त्याला कुणाच्या हाताची गरज नव्हती. कोनाड्यातली कपबशी तशीच राहिली आणि तिच्यावर कोंडा साठला. माझे हात महिन्याभरात अगदी स्वच्छ झाले.

माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. ती पितळेची पाटी आज माझ्याकडे आहे, कशी आली ते सांगतेच. तिचा फोटो त्याने तिथल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरला दाखवला. तो म्हणाला, व्ही म्हणजे चाचणीसाठी केलेलं. विमानाच्या इंजिनावरून जमिनीवर वीज करायला असली मोजकीच इंजिनं केली असतील. त्यांचा रोग म्हणजे खाली उतरणारं तेल. भाच्याने माझ्या सांगण्यावरून रॉकेलचं विचारलं. म्हातारा म्हणे हसला. तापवून दिलं तर त्या इंजिनाला रॉकेलने काहीएक होणार नाही, उलट ज्याने ती नळी वळवली तो माणूस हुशार असला पाहिजे. भाच्याने हे फोनवर हौसेने सांगितलं. चाचांना जाऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती.

त्यांना मी भेटले होते. एकदाच. लग्नानंतर पंधरा वर्षांनी यजमानांची बदली रोह्याला झाली, मी तिथल्या शाळेत शिकवायला लागले. आल्यापासून सहा महिने मी त्यांच्या गल्लीला वळसा घालून जात होते. शेवटी एका रविवारी पेणचे पोहे घेऊन, सात वर्षांच्या मुलाचं बोट धरून गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले. मुलाला मुद्दाम नेलं, म्हणजे त्याच्यादेखत मला मागे फिरता येऊ नये.

चाचा ओटीवर नारळ सोलत बसले होते. नारळ, सुपाऱ्या, खराटे विकायचे, एवढाच धंदा. ओळखल्यावर त्यांनी कोयता टाकला आणि आत हाक मारली, "अगो ए, पेनची बाय आली!" चाची बाहेर आल्या, माझ्या गालांवरून हात फिरवला, मुलापुढे सांदणं आणि नारळाचं दूध ठेवलं. बशा आम्हा सगळ्यांना एकसारख्या होत्या, ते माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "चाचा, मशीनचं काम सोडलंत?" त्यांनी हात झटकल्यासारखा केला. चाची म्हणाल्या, "मशीन कशाचा? घरचा स्टो बिगारला तरी शेजारच्याला बोलावतात. हात लावत नाय. म्हनतात, माज्या हाताचा भरोसा नाय. पेनवरून आले ते असेच आले."

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं. तेवढ्यात चाचाच म्हणाले, "बाय, येक इचारू? रागावू नको. मी ताटलीत तेल बगितला. माज्या डोल्यांनी बगितला. तरी मानूस म्हातारा झाला की डोसक्यात किडा फिरतो. वाटतं, तो तेल कुटनं दुसरीकडनं आला असंल. बायने फिरवला नसंल. ल्हान होती, सन होता. तसा असंल तर माझा रॉकेल बरोबर होता. तसा असंल तर सांग. मी कोनाला बोलनार नाय."

चाचींचा हात मुलाच्या डोक्यावर थांबला. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना माझ्याकडून काय हवंय ते त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. माझा मुलगा सांदण खात माझ्याकडे बघत होता. त्याला मी रोज खरं बोलायला शिकवत होते, शाळेत तर पगार घेऊन शिकवत होते. माझ्यासमोर दार सताड उघडून धरलेलं होतं, आणि ते धरणारा माणूस मला आधीच माफ करून बसला होता. मला तेच सोसलं नाही. इतकी वर्षं त्यांनी हात बांधून काढली ती माझ्यामुळे, हे त्यांना माझ्या तोंडून कळणार, आणि तरी ते मला बोलणार नाहीत.

"नाही चाचा," मी म्हटलं. "फिरवलं होतं मी. तिन्ही दिवस."

मग त्यांनी मान हलवली, दोनदा. "मंग ठीक हाय. माझाच हात चुकला. बरा झाला इचारला, किडा गेला." ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. ती पितळेची पाटी होती. जायच्या दिवशी त्यांनी ती उतरवून नेली होती. "ही तू ठेव," ते म्हणाले. "त्याची नीट निगा राखनारी तू येकटीच होतीस."

पाटी घासून लख्ख ठेवलेली होती. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मुलाला म्हटलं, चाचांना नमस्कार कर.